पहिला स्टिरिओ घेताना आधी गळा ऐका

सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या तोंडावर येतात, कापसाचे त्यानंतर वेच्यागणिक. महागाव तालुक्यातल्या घरांत मोठी खरेदी होते ती याच दिवसांत. मोबाइल, मोटारसायकल, मुलांची फी अशा यादीत गाणं ऐकायच्या यंत्राचा नंबर शेवटी लागतो आणि लागला की घाईत लागतो. दुकानात रंगीत दिव्यांचं पाच-सहा बॉक्सचं 'होम थिएटर' मांडलेलं असतं. एखादं रिमिक्स लावून काउंटर थरथरवून दाखवतात आणि सौदा होतो. घरी आल्यावर त्याच यंत्रावर अभंग लावला की गायकाचा आवाज घागरीतून आल्यासारखा वाटतो.

हे का होतं, ते नीट कळलं तर पैसे वाचतील. आपल्या घरांत ऐकलं जातं ते मुख्यतः माणसाच्या गळ्यातून आलेलं. भजन, भीमगीतं, बंजारा तांड्यांवरच्या लेंगी, नाट्यपदं, जुनी सिनेमाची गाणी, सगळ्यांत शब्द आणि सूर पुढे, वाद्यं मागे. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि शब्द स्पष्ट ऐकू येतात ते २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. स्वस्त होम थिएटरमधले छोटे बॉक्स दोन-तीन इंची कोनाचे (म्हणजे स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याचे) असतात, त्यांना २०० हर्ट्झच्या खालचं काही झेपत नाही. जमिनीवरचा मोठा वूफर फक्त खालची धडधड सांभाळतो. गळ्याचा पाया या दोघांच्या मधल्या खड्ड्यात पडतो. बॉक्स सहा असूनही आवाज पातळ का, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून पहिला स्टिरिओ दोनच बॉक्सचा घ्यावा, पण ते दोन बरे असावेत. प्रत्येकात किमान चार इंची, जमलं तर पाच-साडेपाच इंची वूफर आणि वर उंच सुरांसाठी वेगळा ट्विटर.

आता वॅटचा घोळ. खोक्यावर '५००० वॅट पीएमपीओ' असं छापलेलं दिसलं तर तो आकडा नसल्यासारखा समजा. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे कंपनीला वाटेल तो आकडा छापता येतो. पाहायचा तो आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद. तीही फार लागत नाही. समजा, एखादा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतो. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, दसपट केले की १०. म्हणजे १० वॅटलाच तो ९६ डेसिबलपर्यंत जातो आणि साधं बोलणं साठेक डेसिबलचं असतं. दहा बाय बाराच्या खोलीत प्रत्येक बाजूला २० ते ३० वॅट आरएमएस भरपूर झाले. लग्नातल्या डीजेनं आपल्या कानांना वेगळी सवय लावली आहे, पण तो आवाज उघड्या मैदानात हजार माणसांसाठी बांधलेला असतो. घरात त्याची नक्कल करू पाहणारा खोका मला मनापासून नको वाटतो. लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या कानांशी तो निर्दय आहे.

पंधरा हजार हाताशी आहेत असं धरू. दोन रस्ते आहेत. पहिला, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेल्या स्पीकरची जोडी. एडिफायरचा आर१२८०टी हे त्याचं माहीत असलेलं उदाहरण: चार इंची वूफर, एकूण ४२ वॅट आरएमएस, मोबाइलची वायर लावली की सुरू. दुसरा, साधे स्पीकर आणि वेगळा छोटा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर. यात जुळवाजुळव आहे, पण पुढे एकेक भाग बदलता येतो. या रस्त्यानं जाणाऱ्यानं निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवरच घालावेत, कारण अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक कानाला उशिरा कळतो, स्पीकरमधला पहिल्या मिनिटाला. महागड्या 'ऑडिओ केबल'वर एक रुपया घालू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी वायर चार-पाच मीटरच्या अंतराला पुरते.

दुकानात जाताना आपलं गाणं मोबाइलमध्ये डाउनलोड करून न्या. टाळ-पखवाजावरचा अभंग यासाठी मला सगळ्यांत उपयोगी वाटतो, कारण त्यात तीन परीक्षा एकदम होतात. टाळ ट्विटरची परीक्षा घेतो: किणकिण स्वच्छ हवी, पत्रा घासल्यासारखी नको. पखवाजाची डावी थाप खालचा आवाज तपासते. प्रत्येक थाप वेगळी ऐकू आली पाहिजे, एकच 'घूं' होऊन मिसळली तर बॉक्स पोकळ आहे. आणि मधला गळा. डोळे मिटून ऐकल्यावर माणूस समोर बसून म्हणतो आहे असं वाटतं का? तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन घरात ऐकत असाल तर तेच लावा. खंजिरीत कातड्याची थापही आहे आणि झांजांची किणकिणही. इक्वलायझर बंद ठेवायला सांगा आणि दोन जोड्या सारख्याच आवाजावर ऐका. जी किंचित मोठ्यानं वाजते ती कानाला हमखास चांगली वाटते.

घरी आल्यावर अर्धं काम खोली करते आणि याकडे लक्ष फार कमी दिलं जातं. फरशी, प्लास्टरच्या भिंती, वर स्लॅब अशा खोलीत आवाज आदळून परत येतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. यावर शहरात फोमचे पॅनल विकतात. यवतमाळ जिल्ह्यात त्याची गरज नाही, कापूस आपल्या घरचाच आहे. ध्वनी शोषायला कापसाची गादी उत्तम. समोर सतरंजी, बाजूच्या भिंतीला गाद्यांची चळत, खिडकीला जाड पडदा, एवढ्यानं तोच स्पीकर वेगळा वाजतो. टिनाचं छप्पर असेल तर खालच्या सुरांना पत्रे खडखडतात, तिथे बास कमी ठेवण्याला पर्याय नाही. ५० हर्ट्झच्या सुराच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणजे २२ फुटांहून जास्त. तो लहान खोलीत मावत नाही, कोपऱ्यांत साचतो. म्हणून बॉक्स कोपऱ्यात कोंबू नका, मागच्या भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्या. लोखंडी कपाटावर तर मुळीच ठेवू नका. ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा आणि दोन बॉक्समधलं अंतर तुमच्या त्यांच्यापासूनच्या अंतराएवढं असावं.

ही दोन बॉक्सची कल्पना तशी जुनी. लंडनच्या ईएमआय कंपनीतले अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. एचएमव्हीच्या तबकड्या काढणारी तीच ही कंपनी. पण स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५०च्या दशकाची अखेर उजाडली. त्याआधीचं सगळं, बालगंधर्वांच्या तबकड्यांसकट, मोनो आहे. दोन्हीकडून अगदी सारखा आवाज येतो. त्यामुळे अशी तबकडी जोडणी तपासायला फार कामाची: गळा दोन बॉक्सच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून, आला पाहिजे. तो विखुरलेला वाटला आणि खालचा आवाज गायब झाला, तर एका बॉक्सच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत. लाल-काळी अदलाबदल करा.

विजेचा विचार खरेदीआधीच करायला हवा. व्होल्टेज पडतं, लाइन जाते, इन्व्हर्टर सुरू होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर घूंघूं करतो. साइन वेव्हवर तसं होत नाही. अ‍ॅडॉप्टरवर 'इनपुट १००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असलं तर कमी व्होल्टेजलाही यंत्र चालतं, स्टॅबिलायझरचा खर्च वाचतो. क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर कमी तापतो, ही आपल्या मे महिन्यात मोठी सोय आहे. अर्थिंग नीट करून घ्या.

जुना माल मिळत असेल तर घाबरू नका. कोलकात्याच्या सोनोडाइनचे किंवा फिलिप्सचे जुने बॉक्स आजही सुरेल वाजतात. फक्त कोनाच्या कडेची पट्टी पाहा: फोमची असेल तर बोट लावताच भुगा होतो, रबराची टिकते. कोन हलक्या हातानं आत दाबला तर घासल्याचा आवाज येऊ नये. आवाजाचं बटण फिरवताना होणारी खरखर मात्र सोडून द्या, ती रेडिओ दुरुस्तीवाला थोडक्यात काढून देतो. पुसद, उमरखेड किंवा यवतमाळला त्या दुरुस्तीवाल्यालाच सोबत घेऊन गेलात तर आणखी बरं. आणि मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढून ठेवा.