गवयाचा नकार

चित्रदुर्गाच्या गडाभोवती एक दंतकथा फिरत आली आहे. व्यंकटसुब्बय्या नावाचा एक गवई होता. भैरवी रागावर त्याची हुकमत अशी, की लोक त्याला भैरवी व्यंकटसुब्बय्या म्हणूनच ओळखत. त्याची कीर्ती टिपू सुलतानाच्या कानी गेली आणि दरबारात येऊन गाण्याचा हुकूम सुटला. गवयाने गाण्याऐवजी स्वतःची जीभ कापून घेतली. याला इतिहासाचा आधार शोधू नये. चित्रदुर्गाचेच त. रा. सुब्बराव, म्हणजे कन्नड वाचकांचे ‘तरासु’, यांनीही तो शोधत न बसता ही दंतकथा उचलली आणि तिची ‘हंसगीते’ ही कादंबरी केली.

यातली भैरवी आपली नव्हे, एवढं मराठी वाचकाने आधी ध्यानात घ्यावं. आपली भैरवी म्हणजे मैफलीची सांगता. रे, ग, ध, नी चारही कोमल, आणि ती सुरू झाली की मागच्या रांगेतले लोक चपला शोधायला उठतात. कर्नाटक संगीतातली भैरवी नावापुरती तिची बहीण. तिच्यात रिषभ आपल्या हिशेबाने शुद्ध, गंधार आणि निषाद कोमल, आणि धैवत दोन: चढताना शुद्ध, उतरताना कोमल. पच्चिमिरियम आदिअप्पय्यांचा अटतालातला वर्ण आणि श्यामा शास्त्रींची स्वरजति या तिच्या थोर रचना. मैफल ऐन भरात असताना, गवई आणि ऐकणारे दोघेही तयार झालेले असताना हा राग मांडला जातो आणि खुशाल तासभर चालतो. त्या दोन धैवतांमध्ये ये-जा करताना गवयाची परीक्षा असते. कादंबरीची गोष्ट मात्र धैवतावर उभी नाही. ती जिभेवर उभी आहे.

रागावरून कथा सुचते असं आपण सहज म्हणून जातो. पण रागात घटना नसते, पात्रं नसतात, ‘पुढे काय झालं’ नसतं. लेखक घेणार तरी काय? आपल्याकडे एक वाट भावाची आहे. नागपूरच्या आशा बगे संगीत शिकलेल्या, त्यांच्या एका कथासंग्रहाचं नावच ‘मारवा’. पंचम नसलेला, षड्जावर टेकायला कुरकुरणारा हा संध्याकाळचा राग ज्याने ऐकला आहे त्याला नुसत्या नावानेच एक हुरहुर लागते. दुसरी वाट टॉलस्टॉयची. बेथोव्हनने १८०३ मध्ये व्हायोलिन आणि पियानोसाठी एक सोनाटा रचला आणि पुढे तो रोदॉल्फ क्रॉइट्झर या वादकाला अर्पण केला. क्रॉइट्झरने तो कधी वाजवलाच नाही म्हणतात. १८८९ मध्ये टॉलस्टॉयने ‘क्रॉइट्झर सोनाटा’ याच नावाची दीर्घकथा लिहिली. तिच्यात एक बाई एका वादकाबरोबर हा सोनाटा वाजवते, नवऱ्याच्या मनात संशय पेटतो आणि शेवटी खून होतो. सुरांचं वर्णन टॉलस्टॉय जवळजवळ करत नाही. त्याला धास्ती आहे ती या सुरांनी माणसाचं काय होतं याची.

कर्नाटकातल्या कथा-कादंबऱ्या वाचताना मला तिसरी वाट दिसते. इथला लेखक गाण्यापेक्षा गाणं थांबण्याकडे वळतो. गवई कोणासमोर गाणार नाही, हे ठरलं की गोष्ट सुरू होते. कागदाला आवाज नाही, ही कथेची मोठी अडचण. पण गवयाचा नकार कागदावर पूर्ण उतरतो, त्याला तंबोरा लागत नाही. नाटकाला ही अडचणच नसते. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये १९६७ साली वसंतराव देशपांडे खाँसाहेब होऊन उभे राहिले आणि अभिषेकीबुवांच्या चाली त्यांच्या गळ्यातून आल्या, तेव्हा लेखकाला वर्णनाची गरज उरली नाही. कथाकाराला असे वसंतराव मिळत नाहीत.

या नकाराचं मूळ शोधत गेलं तर आपण येतो तंजावरला, आणि गंमत म्हणजे तिथे एक मराठी राजा उभा असतो. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. त्यांचे पुत्र व्यंकोजी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर काबीज करून बसले आणि पुढची पावणेदोनशे-एक वर्षं तिथे भोसल्यांचं राज्य चाललं. आज आपण ज्याला कर्नाटक संगीत म्हणतो त्याची बरीचशी घडण याच राज्याच्या छायेत झाली. त्यागराज (१७६७ ते १८४७) कावेरीकाठी तिरुवैयारूला राहत, आणि त्या काळातले एक राजे होते दुसरे सरफोजी. आख्यायिका अशी, की सरफोजींनी नजराणे पाठवून त्यागराजांना दरबारात बोलावलं आणि त्यांनी नकार दिला. त्या प्रसंगी कल्याणी रागात, म्हणजे आपल्या यमनाच्या जवळच्या रागात, त्यांनी एक कृती रचली असं सांगतात. द्रव्य मोठं की रामाचं सान्निध्य, असा सवाल त्या कृतीत आहे. चिडलेल्या भावाने रामाच्या मूर्ती कावेरीत फेकल्याचा पुढचा भागही तितकाच लोकप्रिय.

कृती खरी, त्यागराज खरे, सरफोजीही खरे. प्रसंग घडला की नाही हा वेगळा मुद्दा. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की एका गाण्याभोवती गोष्ट तयार झाली आणि ती गावोगाव नेणारा कलाप्रकारही आपल्याकडूनच गेलेला होता. मोरगावकर रामचंद्रबुवांसारखे कीर्तनकार तंजावरला पोचले, त्यांचं कीर्तन पाहून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली, आणि तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग आजही सापडतात. कीर्तनकार पद म्हणतो आणि थांबून सांगतो, ‘हे पद कसं झालं बरं का...’ गाण्यापासून कथा काढण्याची ही आपली आणि तंजावरचीही जुनी रीत.

इथे बंगळूर नागरत्नम्मा यांना बाजूला ठेवता येत नाही. देवदासी परंपरेतल्या या गायिकेचा जन्म १८७८ चा. त्यागराजांची समाधी पडझडीला आलेली, तेव्हा नागरत्नम्मांनी आपली कमाई आणि दागिने घालून तिथे मंदिर उभं केलं. तिथल्या आराधनेत बायकांना गायला मनाई होती, तर त्यांनी बायकांची वेगळी आराधना मांडली. शिवाय तंजावरच्या प्रतापसिंह राजांच्या दरबारातली कवयित्री मुद्दुपळनी हिचं ‘राधिका सांत्वनम्’ हे तेलुगू काव्य १९१० मध्ये त्यांनी नव्याने छापलं, आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. या बाईंवर कोणी कथा लिहिली नाही तरी चालेल, इतकी ती आयतीच आहे.

नागरत्नम्मांच्या नावातल्या बंगळूरचं स्थान संगीतात मोक्याचं. तुंगभद्रेच्या उत्तरेला धारवाड, हुबळी, गदग, म्हणजे गंगूबाई, मन्सूर, भीमसेन. दक्षिणेला म्हैसूर आणि कर्नाटक पद्धती. बंगळूरला दोन्ही येतात. बंगळूर गायन समाज १९०५ पासून आहे. चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमीचा उत्सव १९३९ पासून चालतो आणि त्या मांडवात दोन्ही पद्धतींचे मोठमोठे कलावंत बसून गेले. साहित्य आणि संगीत एकाच माणसात नांदल्याची उदाहरणंही इथली. याच शहरात १९३२ साली जन्मलेले राजीव तारानाथ इंग्रजीचे प्राध्यापक, कन्नडचे समीक्षक आणि अली अकबर खाँसाहेबांचे सरोदशिष्य. ‘संस्कार’ चित्रपटाला संगीत त्यांचं.

कन्नड कथेचे जनक मास्ती वेंकटेश अय्यंगार याच शहरातल्या गवीपुरमला राहत. त्यांची ‘सुब्बण्णा’ ही दीर्घकथा १९२८ ची. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराजांच्या पदरी असलेल्या पौराणिकाचा मुलगा पोथी सोडून गाण्याच्या नादी लागतो, बापाशी बिनसतं, बायकोला घेऊन थेट कलकत्ता गाठतो. तिथे त्याची जिवाची माणसं एकेक करून जातात आणि तो परत येतो तो निराळाच होऊन. मास्ती आवाज कुठेही चढवत नाहीत. इतकं दुःख एवढ्या साध्या वाक्यांत मावतं कसं, याचं मला दर वाचनात नवल वाटतं.

पण या वाटेवरची माझी आवडती कथा आर. के. नारायण यांची ‘सेल्वी’. मालगुडी हे गाव नारायणना सुचलं ते बंगळूरलाच, १९३० च्या विजयादशमीला, आजोळी असताना. ते स्वतः वीणा वाजवत. ‘सेल्वी’ १९८२ च्या ‘मालगुडी डेज’ संग्रहात आली. सेल्वी थोर गायिका, आणि तिचा नवरा मोहन तिचा सर्व कारभार पाहणारा. कोणाला भेटायचं, कुठे गायचं, काय गायचं, शेवटचं पद कोणतं, सगळं तो ठरवतो. कंपनी सरकारच्या काळातल्या एका साहेबाच्या प्रशस्त बंगल्यात ती राहते. बोलते फार थोडं, बहुतेक वेळा नुसतं ‘हो’. तिला गाणं शिकवलेली आई मात्र विनायक मुदली स्ट्रीटवरच्या जुन्या घरात एकटी, आणि मोहन भेटीची वेळ पुढे ढकलत राहतो. एक दिवस आई गेल्याचा निरोप येतो. सेल्वी त्या घरी जाते आणि परतच येत नाही. मोहन समजावतो, ठरलेल्या कार्यक्रमांची यादी वाचतो. ती भांडत नाही, कारणही देत नाही. आईच्या त्या साध्या घरात बसून ती रोज गाते, येईल त्याच्यासाठी, तिकिटाविना.

वाचताना एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि त्यांचे पती सदाशिवम यांची आठवण होणं स्वाभाविक आहे. तरी कथा त्यांची नव्हे. हा शेवट नारायणनी स्वतः रचलेला आहे. बघा, सरफोजींच्या जागी इथे मॅनेजर आला आहे. राजा गेला, नजराणा मानधन झाला, आणि नकार तसाच राहिला. शिवाय नारायण सेल्वीला मुकं करत नाहीत. ती गातेच, फक्त मोहनच्या वहीतून तिचं नाव निघतं. जीभ कापण्यापेक्षा हा नकार मला जास्त धाडसाचा वाटतो.

‘हंसगीते’ पडद्यावर गेली तेव्हा या नकाराचं काय झालं तेही पाहण्यासारखं. १९५६ मध्ये राजा नवाथे यांनी तिच्यावरून हिंदीत ‘बसंत बहार’ केला. चित्रदुर्गातली भैरवी मुंबईला पोचेपर्यंत तिचा बसंत झाला आणि लोकांच्या लक्षात राहिली ती दरबारातली जुगलबंदी: एका बाजूला भीमसेन जोशी, दुसऱ्या बाजूला नायकासाठी मन्ना डे. गोष्टीत नायक जिंकायचा होता, म्हणून भीमसेनांना हरवायचं कसं या विचाराने मन्ना डे हबकले होते. शंकर-जयकिशनची ती चाल अप्रतिमच, पण स्पर्धा आली की नकार मागे पडतो. १९७५ मध्ये जी. व्ही. अय्यर यांनी कन्नडमध्ये ‘हंसगीते’ केला, तो मूळ गोष्टीला धरून. मुंबईच्या रंगभूमीवर वाढलेले अनंत नाग त्यात गवई झाले, आवाज एम. बालमुरलीकृष्णांचा, आणि त्या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन तास इतका मोठा गळा ऐकल्यावर तो बंद झाल्याचा धक्का कादंबरीपेक्षा जास्त बसतो, हे मान्य करावं लागतं.

या सगळ्या मांडणीला सुरुंग लावणारं एक पुस्तक आहे, एस. एल. भैरप्पांचं ‘मंद्र’. कन्नडमध्ये आलं, सरस्वती सन्मान मिळवून गेलं, आणि उमा कुलकर्णींनी ते मराठीत आणलं. भैरप्पांची पीएच.डी. सौंदर्यशास्त्रातली, विषय सत्य आणि सौंदर्य. कादंबरीतला मोहनलाल हिंदुस्तानी संगीतातला अफाट गवई आणि माणूस म्हणून अत्यंत हलका. बायका वापरतो, माणसं तोडतो, आणि गाणं वाढतच जातं. तो कोणालाच नकार देत नाही. पैसा, कीर्ती, परदेशदौरे, सगळं त्याला हवं आहे. ‘सुब्बण्णा’ आणि ‘सेल्वी’ वाचून गवयाला संत करण्याची जी सवय लागते ती इथे शंभर पानांत सुटते. त्यागराजांच्या गोष्टीत गाणं आणि माणूस एकाच दिशेला जातात. मोहनलाल रियाझाला बसला की ते दोन दिशांना जाऊ लागतात, आणि भैरप्पा त्यांना शेवटपर्यंत जुळू देत नाहीत. मला हा माणूस अजिबात आवडला नाही. पण उद्या त्याची मैफल चामराजपेठेच्या मांडवात लागली तर मी पुढची खुर्ची धरायला लवकर जाईन.