दोन कादंबऱ्या, एक चेहरा

'सिंहासन' हा चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक आहे का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कोणत्या कादंबरीशी? कारण १९७९चा हा चित्रपट अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे: 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. विजय तेंडुलकरांनी दोन्हींची मिळून एकच पटकथा रचली, जब्बार पटेलांनी ती पडद्यावर आणली. संगमावर ओंजळ भरली, तर त्यातलं पाणी कोणत्या नदीचं, हे सांगता येईल?

आठवडाभर पुरणारी कादंबरी दोन-तीन तासांत बसवायची, म्हणजे गाळागाळ आलीच. ते समजतं. खरं कोडं पुढे आहे. लेखक 'त्याला शिसारी आली' असं तीन शब्दांत लिहून मोकळा होतो. कॅमेऱ्याला शिसारी दिसतच नाही! त्याला दिसतात डोळे, सुरकुत्या, कपाळावरचा घाम. मग निळू फुल्यांनी उभा केलेला पत्रकार दिगू टिपणीस गप्प बसून नेत्यांचं ऐकत असतो, तेव्हा त्याच्या मनातलं आपल्याला कसं कळतं?

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक गंमत करून पाहिली. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तुकडा त्याने आधी सुपाच्या वाडग्याशी जोडला, मग शवपेटीशी, मग एका स्त्रीच्या दृश्याशी. म्हणतात की प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. चेहरा तसूभरही बदलला नव्हता. भूक प्रेक्षकांनीच आणली होती!

आता गंमत बघा. कादंबरी भावना सांगते आणि चेहरा आपण रंगवतो. चित्रपट चेहरा देतो आणि भावना आपण भरतो. काम तेच, फक्त उलट्या दिशेने.

म्हणून शब्दाला शब्द जुळवण्याचा हट्ट मला पटत नाही. दिगूच्या मनातलं सगळं पडद्यामागून कुणी वाचून दाखवलं असतं, तर पुस्तकातलं वाक्य वाचलं असतं, पण आपल्या वाट्याचं काम गेलं असतं. आणि साधूंचा वाचक हे काम पानापानावर करत असतो.

पुन्हा 'सिंहासन' पाहाल, तेव्हा एखाद्या प्रसंगात आवाज बंद करा आणि नुसते निळूभाऊंचे डोळे बघा. समोर कोण बोलतंय, त्यावरून ते डोळे काय म्हणतात, ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.