पाण्याखालचा हिशेब (9) : शुद्ध ऑक्सिजन का नको?

आज दोन बुड्यांमधल्या विश्रांतीवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. छाणीहून आलेल्या एका पत्राचं उत्तर आधी द्यायला हवं, कारण दिवसभराच्या बुड्यांच्या आखणीचं मर्मच त्या प्रश्नात आहे.

वाचक लिहितात, "आमच्या छाणी रस्त्यावरून ऑक्सिजनचे काळे सिलिंडर सतत जाताना दिसतात. नायट्रोजन अंगात मुरतो म्हणूनच दुसरी, तिसरी बुडी आखूड करावी लागते ना? मग पाठीवर सरळ शुद्ध ऑक्सिजनच का घेत नाहीत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण दाबाखाली ऑक्सिजनही विषारी ठरतो. समुद्रात दर 10 मीटरला दाब एका बारने वाढतो, आणि श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब 1.4 बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा आजचा दंडक आहे. शुद्ध ऑक्सिजन ही मर्यादा अवघ्या 4 मीटरवर गाठतो. त्याखाली आकडी येऊ शकते, तीही कसली चाहूल न देता. पाण्यात आकडी म्हणजे तोंडातला रेग्युलेटर सुटणं, म्हणजेच बुडणं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबाच्या कोठीत बसून हे प्रयोग स्वतःवर केले. अशाच एका आकडीत त्यांच्या मणक्यांना इजा झाली. हे हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

यातला मधला मार्ग म्हणजे नायट्रॉक्स, म्हणजेच ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा. 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण साधारण 33 मीटरपर्यंत चालतं. त्याचा खरा उपयोग कुठे, ते आंग्रिया बँकेवर पाहू. विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर आत असलेल्या या प्रवाळभूमीचा माथाच जवळपास 20 मीटर खोल आहे. तिथे उथळ बुडी नाहीच.

समजा, 24 मीटरवर उतरलो. 11.1 लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी, 200 बार दाब, त्यातले 50 बार राखीव. वापरायला उरली 1665 लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्याला या खोलीवर 68 लागतात. म्हणजे 24 मिनिटं. नायट्रोजनच्या मर्यादेसाठी पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात 24 मीटरसाठी 25 मीटरचा रकाना पाहायचा. तिथे साध्या हवेवर 29 मिनिटांची मुभा आहे. म्हणजे पहिल्या बुडीत टाकी आधी संपते, आणि नायट्रॉक्सने एक मिनिटही वाढत नाही.

तासाभराच्या विश्रांतीनंतर चित्र उलटतं. अंगात उरलेल्या नायट्रोजनमुळे तक्त्याची मुभा 24 मिनिटांच्या बरीच खाली येते; टाकीत हवा असूनही वर यावं लागतं. दोन्ही बुड्या नायट्रॉक्सवर केल्या तर 24 मीटरची खोली नायट्रोजनच्या हिशेबाने 20 मीटरच्या आत धरता येते, आणि दुसरी टाकीही पुरती वापरता येते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : मालवणच्या उथळ पाण्यात साधी हवा पुरे, 20 मीटरखाली दोन-तीन बुड्या असतील तर नायट्रॉक्स घ्यावा, पण त्याचं प्रशिक्षण घेऊनच. आणि टाकी कुणीही भरलेली असो, ऑक्सिजनची टक्केवारी स्वतः मोजा, पट्टीवर लिहून टाकीला चिकटवा, मगच पाण्यात उतरा.