लहान बेकरींतील कामाची वांटणी

सकाळच्या चहाबरोबर पाव खाणारीं घरें आज सर्वत्र आहेत. परंतु तो पाव किती हातांनीं व रात्रीच्या कोणत्या प्रहरीं केला, याचा विचार आपण क्वचितच करितों. चांगला मैदा व चांगली भट्टी मिळाली म्हणजे बेकरी चालते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः लहान बेकरीचें यश माणसांच्या कामाच्या वांटणींत असतें. आणि ही वांटणी मालकाच्या मर्जीनें नव्हे, तर पिठाच्या स्वभावानें ठरते. एवढाच मुद्दा मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

भंडारा जिल्ह्यांतील जवाहरनगरासारखी वसाहत डोळ्यांपुढें आणा. १९६४ सालीं स्थापन झालेल्या सरकारी दारूगोळा कारखान्याभोंवतीं ती वसली आहे. अशा गांवीं माणसें पाळीच्या वेळेवर घराबाहेर पडतात. पाव सकाळीं सहाला दुकानांत हवा असेल, तर बेकरीवाल्यानें घड्याळ उलटें मोजावें. भाजण्यास सुमारें वीस मिनिटें. त्यापूर्वीं घडविलेले पाव फुगण्यास तासभर. त्यापूर्वीं पीठ तोडून, तोलून आकार देण्यास अर्धा तास. आणि त्याहीपूर्वीं मळलेलें पीठ आंबण्यास दोन तास. म्हणजे मळणाऱ्यानें रात्रीं एकच्या सुमारास कामास लागावें, आकार देणाऱ्यांनीं साडेतीनला यावें, आणि विकणाऱ्यानें पांचनंतर. सर्वांस एकाच वेळीं बोलाविलें, तर दोघांची झोंप फुकट जाते व पुढें त्यांचा हात मंदावतो.

हें वेळापत्रकही वर्षभर सारखें राहत नाहीं. खमीर हा सजीव पदार्थ आहे. वैदर्भी उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां पीठ फार लवकर फुगतें, आणि वेळेवर भट्टींत न गेल्यास आंबट होऊन बसतें. त्या दिवसांत पाणी गार घ्यावें, खमीर कमी घालावें व आकार देणाऱ्यांस लवकर बोलवावें. थंडींत याच्या उलट. म्हणून पीठ तयार झालें कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार एकाच अनुभवी माणसाकडे असावा, आणि त्याचा शब्द मालकानेंही मानावा.

आपल्या शेजारीं गोमंतकांत या व्यवस्थेचा जुना नमुना आहे. १५१० सालीं पोर्तुगीज तेथें आले, व त्यांच्या मागून पावाची चाल रुजली. पाव करणाऱ्यास तेथें पदेर म्हणतात. पोई, उंडो, कांकण असे त्याचे निरनिराळे पाव. पूर्वीं पीठ फुगविण्यास माडाची सूर वापरीत. भट्टीवरचीं माणसें रात्रीं काम करितात, आणि सायकलीवर टोपली बांधून भोंपू वाजवीत दारोदार जाणारा विक्रेता सकाळ-संध्याकाळ फिरतो. करणें व विकणें या कामांच्या वेळा अशा वेगळ्या ठेविल्या, कीं रात्रभर भट्टीपुढें बसलेल्यास पुन्हां गांवभर हिंडावें लागत नाहीं. शिवाय कोणत्या आळींत किती पाव उरले, हें विक्रेत्यानें रोज सांगितलें, कीं दुसऱ्या रात्रीं किती पीठ मळावें तें ठरतें.

चार-पांच माणसांच्या बेकरीस यावरून तीन नियम सांगतां येतील. पहिला, प्रत्येक कामास एकच जबाबदार असावा. मीठ व खमीर तोलणारा एक, आणि त्यानें वजन पाटीवर लिहावें. दोघांनीं मीठ घातलें किंवा कोणींच घातलें नाहीं, असे घोटाळे याच अभावीं होतात. दुसरा, प्रत्येकास शेजारच्याचें एक काम यावें. नाहींतर एक माणूस आजारी पडतांच भट्टी विझते. तिसरा, रात्रपाळी फिरती असावी व आठवड्याची सुटी ठरलेली असावी.

हा तिसरा नियम दयेचा नव्हे, न्यायाचा आहे. पिठाच्या धुळीनें पाववाल्यांस दमा जडतो, हें वैद्यकास ठाऊक आहे. न्यूयॉर्क राज्यानें १८९५ सालीं पाववाल्यांचें काम दिवसास १० व आठवड्यास ६० तासांवर आणण्याचा कायदा केला. १९०५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. पुढें १९२५ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें बेकरींतील रात्रकामास बंदी घालणारा करार संमत केला. परंतु ताज्या पावाची मागणी पहांटेचीच राहिली, आणि रात्रीचें काम जगांत अद्याप संपलेलें नाहीं.

गोमंतकांतील पदेरांच्या कित्येक घरांतील मुलें आज हा धंदा सोडून दुसरीकडे वळत आहेत. रात्रीचें जागरण व भट्टीची धग यांत आयुष्य घालविण्यास कोणीं तयार व्हावें, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. त्याचें सर्व उत्तर लहान मालकाच्या हातीं नाहीं. परंतु कोणास केव्हां बोलवावें व केव्हां घरीं पाठवावें, एवढें तरी खास त्याच्या हातीं आहे. आणि तेवढें नीट सांभाळलें, तर भट्टीही टिकेल व भट्टीवरचीं माणसेंही टिकतील.