समुद्रकाठचा माणूस सांदकफूवर

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी जेथे बंगालच्या उपसागरास मिळते तेथे एन्नोर वसले आहे. खाडी, कोळ्यांच्या होड्या, मिठागरे आणि त्यांच्याशेजारी उभे राहिलेले कारखाने व बंदर, असा हा सारा सपाट मुलूख. येथील घरे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फूट उंच. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाने हिमालयातील आपली पहिली पदयात्रा योजली, तर त्याच्या देहापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या रहिवाशापुढेही राहतो. सह्याद्रीचे गड चढलेल्यांनीही येथे फार विसंबून राहू नये. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. दार्जिलिंग जिल्ह्यातील सांदकफूची वाट ज्या मानेभंजन गावी सुरू होते, ते गावच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. एन्नोरच्या वाळूवर आणि सांदकफूच्या माथ्यावर हवेत प्राणवायू शेकडा २१ च्या आसपासच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. ३,६३६ मीटर उंचीच्या सांदकफूवर तो याच्या दोन-तृतीयांशाहूनही किंचित कमी भरतो. हवा विरळ झाल्यामुळे एका श्वासात पूर्वीइतका प्राणवायू येत नाही. कापराची पुरचुंडी हुंगल्याने नाकाला बरे वाटेल, पण हवेचा दाब काही वाढत नाही.

ही उणीव शरीर आपल्या परीने भरून काढते. श्वास जलद व खोल होतो, नाडी वाढते. जलद श्वासाने रक्तातील कर्बवायू घटतो आणि रक्ताचा आम्लतेचा तोल ढळतो. तो सावरण्याचे काम मूत्रपिंडे करतात, आणि त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. तांबड्या रक्तपेशी वाढण्यास तर आठवडे हवेत. या कामात घाई करता येत नाही. पैलवानाची छाती आणि कारकुनाची छाती यांत येथे फारसा भेद नाही. उलट पायांत जोर असलेला तरुण वेगाने वर जातो, आणि अनेकदा तोच आधी आजारी पडतो.

हिमालयात थोड्या वेळात उंच ठाण्यांवर पोचविलेल्या सैनिकांना याचा कठोर अनुभव आला. भारतीय लष्करी वैद्य इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी अशा १,९२५ सैनिकांची पाहणी करून १९६९ साली ती प्रसिद्ध केली. हा विकार वर पाय ठेवताच जाणवत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवतो; म्हणूनच तो फसवतो. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरील वासना उडणे, झोप न लागणे ही त्याची पहिली लक्षणे. ती दिसताच आणखी वर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागू लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साठू लागले असे समजावे. अशा वेळी सकाळची वाट पाहणे जिवावर बेतते. रात्र असली तरी रोग्याला खाली आणावे. आपल्यामुळे सोबत्यांचा बेत मोडेल या संकोचाने डोकेदुखी लपविणे हा या वाटेवरचा सर्वांत घातक सभ्यपणा होय.

साधा संकेत असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. सांदकफूची जुनी पायवाट या दृष्टीने मोठी शहाणी आहे. पहिला मुक्काम टुमलिंगला, सुमारे ३,००० मीटरवर. दुसऱ्या दिवशी वाट गैरीबासला खाली उतरते आणि पुन्हा चढून सुमारे ३,२०० मीटरवरील कालीपोखरीस पोचते. तिसऱ्या दिवशी राहतो तो साडेचारशे मीटरांचा चढ. नवख्याला मधला उतार व्यर्थ श्रमाचा वाटतो. वास्तविक त्या दिवशी शरीराला अवधी मिळतो. आज जीपगाडी मानेभंजनहून एका दिवसात माथ्यावर नेते. गाडीने वाचविलेले हे दोन दिवस पुष्कळांना माथ्यावरच्या रात्री डोके धरून भरून द्यावे लागतात. पूर्वी हरिद्वारहून बदरी-केदारास पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना आठवडे लागत, आणि त्यांचा देह त्या वाटेवर आपोआप तयार होई.

थंडीचा हिशेब सोपा आहे: दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस. एन्नोरला सकाळी पंचवीस अंश असताना सांदकफूवर पाणी गोठण्याच्या बेतात असते. तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर ही तेथे चैन नव्हे.

माथ्यावरून, आकाश निरभ्र असल्यास, कांचनगंगा समोर पसरलेली दिसते आणि पश्चिमेस, ल्होत्से व मकालू यांच्या सान्निध्यात, एव्हरेस्ट. चेन्नईकराचे या शिखराशी एक जुने नाते आहे. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने ज्या त्रिकोणमितीय मोजणीची पहिली आधाररेषा सेंट थॉमस माउंटजवळ आखली, तीच मोजणी पुढे उत्तरेकडे सरकत हिमालयापर्यंत पोचली, आणि १८५६ साली या शिखराची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. ही आधाररेषा सुमारे साडेसात मैलांची होती.

परतीची वाट गुरदुमवरून श्रीखोलास उतरते. चढाची तयारी सारे करतात, उताराची कोणी करीत नाही. गुडघे बोलू लागतात ते येथे. सपाट मुलखातील माणसाने निघण्यापूर्वी दोन महिने पाठीवर ओझे घेऊन जिने चढावे, आणि तितकेच सावकाश उतरावेही. विरळ हवेची सवय मात्र घरी करता येत नाही, आणि घरी आणताही येत नाही. एन्नोरला परतल्यावर काही आठवड्यांत ती विरून जाते, आणि पुढच्या खेपेस पुन्हा टुमलिंगच्या मुक्कामापासूनच आरंभ करावा लागतो.