बरण्यांमधली हृदयं
शरीर कोणाचं? : लेखांक ७

मेंदूमृत्यू कसा ठरवतात, ते मागच्या लेखात पाहिलं. डॉक्टरांचं ते काम आटोपलं की नातेवाइकांना बाजूला घेऊन विचारलं जातं, ‘अवयव घ्यायला परवानगी देता का?’ आज हा प्रश्न इतका साहजिक वाटतो, की तो न विचारताही वर्षानुवर्षं काम चालत होतं हे खरं वाटत नाही.

सप्टेंबर १९९९. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेनंतर इतकी मुलं का दगावली, याची सार्वजनिक चौकशी सुरू होती. साक्षीला आलेले हृदयरचनेचे तज्ज्ञ प्रा. रॉबर्ट अँडरसन यांनी लिव्हरपूलच्या आल्डर-हे या मुलांच्या रुग्णालयातल्या हृदयसंग्रहाचं कौतुक केलं. त्यांना कोणाला उघडं पाडायचं नव्हतं. जन्मजात हृदयदोष अभ्यासणाऱ्यांसाठी तो संग्रह म्हणजे ठेवाच होता. १९४८ पासून साठत साठत त्यात दोन हजारांवर हृदयं जमली होती. बातमी वाचणाऱ्या आईबापांच्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकली : आमच्या बाळाचं तर त्यात नाही ना?

रुग्णालयातले फोन खणखणू लागले.

मायकेल रेडफर्न यांच्या चौकशी अहवालातून जानेवारी २००१ मध्ये जे बाहेर आलं, ते हृदयांवर थांबणारं नव्हतं. १९८८ ते १९९५ या काळात तिथे काम केलेले डच विकृतिशास्त्रज्ञ डिक व्हॅन व्हेल्झन यांनी शवविच्छेदन झालेल्या प्रत्येक बालकाचे झाडून सगळे अवयव काढून ठेवण्याचा परिपाठच पाडला होता. लिव्हरपूलमधल्या एका इमारतीच्या तळघरात दोन हजारांहून अधिक बरण्या सापडल्या. त्यांत सुमारे साडेआठशे बाळांच्या शरीराचे भाग होते. संशोधनासाठी म्हणून ठेवलेल्या यातल्या बहुतेक बरण्यांना कोणी हातही लावलेला नव्हता. व्हॅन व्हेल्झन यांची ब्रिटनमधली वैद्यकीय नोंदणी पुढे २००५ मध्ये रद्द झाली.

मग आईबापांनी सह्या केल्या होत्या, त्या कशावर? शवविच्छेदनाच्या फॉर्मवर ‘ऊती’ ठेवून घेण्याचा उल्लेख असे. मूल गमावून काही तासही न उलटलेल्या बाईला ‘ऊती’ म्हणजे काय वाटणार? सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा एखादा चिमूटभर तुकडा. डॉक्टरांच्या लेखी मात्र त्याच शब्दात अख्खं हृदय मावत होतं, अख्खा मेंदूही. खुलासा न करण्यामागे अनेकांचा हेतू वाईट नव्हता. आधीच कोसळलेल्या माणसांना आणखी तपशील कशाला ऐकवायचे, असा तो विचार. पण ‘विचारलं असतंत तर आम्ही दिलं असतं’ असं म्हणणारे पालकही होते. त्यांचा राग अवयव घेतल्यापेक्षा न विचारल्याचा होता.

कायदाही तसाच सैल. १९६१ च्या ब्रिटिश कायद्यात परवानगीची अटच नव्हती. शक्य तेवढी चौकशी केल्यावर मृताची किंवा नातेवाइकांची हरकत असल्याचं मानायला कारण दिसलं नाही, की अवयव काढता येत. आपल्याकडे सोसायटीचं ‘ना हरकत’ मिळवायलाही निदान शिक्का लागतो. इथे गप्प बसणं पुरेसं होतं. शिवाय कायदा मोडल्यास शिक्षा काय, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं.

अवयव परत मिळू लागले तेही एकदम नव्हे. आधी हृदय, काही महिन्यांनी आणखी काही सापडल्याचा निरोप. पुरलेल्या बाळाची कबर पुन्हा उघडायची, पुन्हा प्रार्थना. काही घरांनी एकाच मुलाचे तीन-तीन अंत्यविधी केले.

या प्रकरणातून २००४ चा नवा कायदा आला आणि संमती हा त्याचा कणा झाला. संमतीविना मृताचे अवयव ठेवले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत अशी, की मे २०२० पासून इंग्लंडमध्ये प्रौढ व्यक्तीने नकार नोंदवला नसेल तर तिची अवयवदानाला संमती आहे, असं धरलं जातं. म्हणजे ‘हरकत नाही’ पुन्हा आलंच की! आलं, पण फक्त प्रत्यारोपणासाठी. संशोधनासाठी अवयव ठेवायचा तर स्पष्ट होकारच लागतो. प्रत्यारोपणाच्या वेळीही घरच्यांशी बोलल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत.

भारताने गृहीत संमतीची वाट धरलेली नाही. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्यावर. त्यात जिवंतपणी दिलेलं लेखी संमतिपत्र दोन साक्षीदारांसमोर व्हावं लागतं आणि त्यांतला किमान एक जवळचा नातेवाईक हवा. ही अट वरवर कारकुनी वाटते. पण तिच्यामुळे ‘मला अवयव द्यायचेत’ हे वाक्य घरातल्या एकाच्या तरी कानावर पडतं. पाकिटात नुसतंच डोनर कार्ड ठेवून दिलं, तर अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या बायकोला किंवा भावाला ते पहिल्यांदा तिथेच कळतं, आणि रुग्णालय त्यांच्या नकाराला डावलून सहसा पुढे जात नाही.

या सगळ्यात विचारायला कोणीतरी आहे, हे धरून चाललो. बेवारस देहाबाबत १९४९ चा शरीरशास्त्र कायदा काय करतो आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या शवागारात त्यातून काय घडतं, ते पुढच्या आठवड्यात.