हात लावण्यासाठी मांडलेले विज्ञान

पारंपरिक संग्रहालयातील वस्तू दुर्मीळ असतात, पुढील पिढ्यांसाठी त्या जपायच्या असतात आणि म्हणूनच तेथे हात न लावण्याची सूचना जागोजागी आढळते. विज्ञान केंद्रातील उपकरणे मुळातच वापरण्यासाठी घडवलेली असल्यामुळे तेथे हा नियम लागू होत नाही. तरफ दाबली, आरसा वळवला किंवा चाक फिरवले की निसर्गाचा एखादा नियम पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काम करू लागतो. सुट्ट्यांच्या दिवसांत पालक मुलांना घेऊन अशा केंद्रांकडे वळतात, परंतु दोन तासांत सगळी दालने फिरून झाल्यावर नेमके काय कळले हे मुलांना सांगता येत नाही, असे पुष्कळदा घडते. याचे कारण असे की हाताळता येणारे उपकरण स्वतःहून काहीच शिकवत नाही. त्याला प्रश्न विचारावा लागतो, त्याचे उत्तर पडताळावे लागते आणि या दोन्ही गोष्टींना वेळ द्यावा लागतो.

कल्पनेचा प्रवास

प्रेक्षकांनी स्वतः उपकरणे चालवावीत ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. बर्लिनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘उरानिया’ या संस्थेत प्रेक्षकांना काही भौतिकशास्त्रीय उपकरणे स्वतः चालवता येत असत. अभियंता ओस्कर फॉन मिलर यांच्या पुढाकाराने १९०३ साली म्युनिकमध्ये स्थापन झालेल्या ‘डॉइचेस म्युझियम’मध्ये चालत्या यंत्रांना आणि प्रात्यक्षिकांना मोठे स्थान मिळाले, तर पॅरिसमध्ये १९३७ साली भौतिकशास्त्रज्ञ झां पेरँ यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ‘पाले द ला देकुव्हर्त’ या संस्थेने जुन्या यंत्रांच्या संग्रहापेक्षा जिवंत प्रयोगांवर भर दिला.

आजच्या विज्ञान केंद्रांचा आराखडा मात्र प्रामुख्याने सॅन फ्रान्सिस्को येथील ‘एक्स्प्लोरेटोरियम’ने घालून दिला. या संस्थेचे संस्थापक फ्रँक ओपेनहायमर हे अणुबॉम्ब प्रकल्पाचे शास्त्रीय प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू आणि स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. साम्यवादी पक्षाच्या पूर्वीच्या सदस्यत्वामुळे १९४९ साली त्यांना विद्यापीठातील नोकरी सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली आणि पुढे तेथील ग्रामीण शाळेत विज्ञान शिकवले. विद्यापीठात परतल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रयोगांचे एक प्रकारचे ग्रंथालय उभारले, ज्यात मांडून ठेवलेली उपकरणे विद्यार्थी आपल्या सवडीने चालवून पाहू शकत. याच कल्पनेचा विस्तार म्हणजे १९६९ साली उघडलेले एक्स्प्लोरेटोरियम होय. तेथील कार्यशाळा प्रेक्षकांना दिसेल अशी ठेवण्यात आली, आणि उपकरणे कशी बनवावीत याची कृती देणारी पुस्तके संस्थेनेच प्रसिद्ध केल्यामुळे जगभरच्या केंद्रांना ती आपापल्या परिस्थितीनुसार घडवता आली.

भारतात या चळवळीची सुरुवात कोलकात्यातील बिर्ला औद्योगिक व तंत्रवैज्ञानिक संग्रहालयापासून झाली. हे संग्रहालय १९५९ साली सुरू झाले, पाठोपाठ बंगळुरूमध्ये विश्वेश्वरय्या संग्रहालय उभे राहिले आणि १९७८ साली या कामासाठी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची स्थापना झाली. मुंबईत वरळी येथे १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात मुलांसाठी खुले विज्ञान उद्यान सुरू झाले आणि त्याच परिसरातील नेहरू विज्ञान केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी झाले. पुढे नागपूरला १९९२ साली रामन विज्ञान केंद्र आणि पणजीजवळ मिरामार येथे २००१ साली गोवा विज्ञान केंद्र सुरू झाले. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्रीय संस्थेच्या आवारातील ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आकाराने लहान असली, तरी तिने वेगळीच दिशा दाखवली. अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे रिकाम्या बाटल्या, स्ट्रॉ, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काडेपेट्या यांपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी बनवून प्रयोगासाठी महागडे साहित्य लागतेच असे नाही हे सिद्ध केले.

उपकरण काय सांगते

चांगले उपकरण पाहणाऱ्याच्या मनातील एखाद्या पक्क्या समजुतीला धक्का देते. उतारावरून वर चढणारा दुहेरी शंकू हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. दोन शंकू तळाशी जोडून केलेली ही वस्तू एका बाजूला उंच होत जाणाऱ्या दोन पट्ट्यांवर ठेवली की ती आपोआप उंच बाजूकडे घरंगळते. पट्ट्या उंच होता होता एकमेकींपासून दूरही जात असल्यामुळे शंकूची निमुळती टोके त्यांवर टेकतात आणि त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूत सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, प्रत्यक्षात खाली येतो. पट्टीने शंकूच्या मध्याची जमिनीपासूनची उंची दोन्ही टोकांना मोजणाऱ्या मुलाला हे कोणी सांगावे लागत नाही.

रंगीत सावल्यांचे दालनही असेच फसवे आहे. पांढऱ्या भिंतीवर तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकाच वेळी सोडले की भिंत पांढरी दिसते, पण मध्ये हात धरताच त्याच्या अनेक रंगीत सावल्या पडतात. तांबडा प्रकाश अडला तेथे हिरवट निळी, हिरवा अडला तेथे किरमिजी आणि निळा अडला तेथे पिवळी सावली दिसते. तिन्ही प्रकाश अडतात तेवढाच भाग काळा राहतो. चित्रकलेच्या वहीत पिवळा हा मूळ रंग मानणाऱ्या मुलाला तांबड्या आणि हिरव्या प्रकाशातून पिवळा निघताना दिसतो, आणि रंगद्रव्ये प्रकाश शोषतात तर दिव्यांचे प्रकाश एकमेकांत मिसळतात, हा फरक समजण्याची पूर्वतयारी तेथे होते.

खुल्या उद्यानात पुष्कळदा परस्परांकडे तोंड केलेल्या दोन मोठ्या तबकड्या असतात. त्यांचा छेद अन्वस्त या वक्राचा असल्यामुळे नाभी नावाच्या ठराविक बिंदूपाशी काढलेला आवाज तबकडीवरून परावर्तित होऊन समांतर दिशेने जातो आणि समोरच्या तबकडीच्या नाभीपाशी पुन्हा एकवटतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते. येथे मात्र ध्वनी पसरत नसल्याने दूरवरची कुजबुजही ऐकू येते. तोंड नाभीपासून वीतभर हलवले की आवाज क्षीण होतो, आणि ते मुद्दाम करून पाहिल्याशिवाय वक्राचे महत्त्व लक्षात येत नाही.

काही उपकरणांना मिनिटे पुरत नाहीत. लेआँ फुको यांनी १८५१ साली पॅरिसमध्ये दाखवलेल्या आणि आयुकाच्या आवारातही असलेल्या लंबकाच्या झोक्याचे प्रतल पृथ्वीच्या परिवलनामुळे हळूहळू वळताना दिसते. ध्रुवावर ते सुमारे २४ तासांत पूर्ण फिरते, विषुववृत्तावर मुळीच फिरत नाही आणि सुमारे १८.५ अंश अक्षांशावरील पुण्यात त्याला जवळजवळ ७५ तास लागतात. म्हणजेच प्रतल ताशी जेमतेम ५ अंशांनी सरकते. दोन मिनिटे थांबणाऱ्याला त्यात केवळ एक झुलणारा गोळा दिसतो. झोक्याची दिशा टिपून तासाभराने परतणाऱ्याला पृथ्वीचे फिरणे दिसते.

बटण आणि प्रयोग

हात लागला म्हणजे प्रयोग झाला, असे म्हणता येत नाही. बटण दाबताच ठरलेला दिवा लागणारे उपकरण मूल दाबते आणि पुढच्याकडे धावते, कारण त्यात त्याला बदलण्यासारखे काही नसते. याउलट जेथे लांबी, वजन, कोन किंवा वेग यांपैकी काही आपल्या हातात असते, तेथे एक घटक बदलायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे ही वैज्ञानिक पद्धत मूल नकळत वापरू लागते. भेटीसाठी दालने निवडताना हा निकष उपयोगी पडतो.

सोबतच्या मोठ्या माणसाचे वागणेही तितकेच निर्णायक असते. अमेरिकेतील एका बालसंग्रहालयात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विज्ञानाची उपकरणे हाताळताना पालक मुलींच्या तुलनेत मुलग्यांना सुमारे तिप्पट वेळा स्पष्टीकरण देतात, असे आढळले. हा भेद बहुधा हेतुपुरस्सर नसतो, आणि म्हणूनच आपल्या घरातील मुलीच्या वाट्याला किती स्पष्टीकरण येते याकडे पालकांनी जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते. स्पष्टीकरणाची वेळही महत्त्वाची असते. उपकरण चालवण्यापूर्वी ‘आता काय होईल?’ असे विचारून मुलाचा अंदाज घ्यावा, मग कृती करू द्यावी आणि अंदाज चुकल्यावरच माहितीफलकाकडे वळावे, म्हणजे फलकावरील मजकूर मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर ठरतो.

लहान मुलांसाठी एका भेटीत एखादे दालन आणि खुले उद्यान पुरेसे असते, तर दहा-बारा वर्षांच्या मुलांनी चार-पाच उपकरणे निवडून त्यांची निरीक्षणे वहीत टिपावीत. शक्य असल्यास गर्दीचे दिवस टाळावेत, कारण मागे रांग असताना तोच प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही.

भेटीचा उपयोग झाला की नाही, हे घरी परतल्यावर तपासता येते. दोऱ्याला दगड बांधून केलेला २५ सेंटिमीटरचा लंबक एक पूर्ण झोका सुमारे १ सेकंदात घेतो. दोऱ्याची लांबी चौपट, म्हणजे १ मीटर केली की तो काळ सुमारे २ सेकंद होतो, आणि दगड जड घेतला तरी त्यात विशेष फरक पडत नाही. लांबी चौपट करूनही काळ दुप्पटच का होतो, हा प्रश्न जे मूल आपणहून विचारते आणि दहा झोके मोजून त्याची खातरजमा करते, त्याच्यापुरते विज्ञान केंद्राचे काम पूर्ण झालेले असते.